गव्हाच्या दाण्याएवढा चुना

मावशी गेली, असं काका फोनवर म्हणाले नाहीत. ‘जुई, तू ये,’ एवढंच म्हणाले आणि फोन तसाच धरून राहिले. पलीकडून लिफ्टचा आवाज येत होता, कुणीतरी खोकत होतं… मी ‘निघते’ म्हणाले. काकांनी स्वतःहून मला फोन केल्याचं मला आठवत नाही. फोन नेहमी विजूमावशी लावायची. आमच्या गप्पा झाल्या की ‘थांब, ह्यांना देते’ म्हणायची, मग काका ‘बरी आहेस ना?’ एवढं विचारून फोन लगेच तिच्या हातात परत द्यायचे. त्यामुळे त्या सकाळी स्क्रीनवर त्यांचं नाव दिसलं तेव्हाच मला कळलं होतं.

ठाण्यातल्या बाळकुमहून आई आणि मी डोंबिवलीच्या हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा एक तरुण डॉक्टर काकांना समजावून सांगत होते. हृदय थांबलं, पहाटेपासून प्रयत्न केले, झडपेवर आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम खूप साचलेलं होतं. काका उभे राहून ऐकत होते. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘म्हणजे कॅल्शियममुळेच ना, डॉक्टर?’ डॉक्टरांना आत कुणीतरी बोलावत होतं. ‘हो काका, तसंच म्हणता येईल,’ म्हणून ते गेले. त्यांची काही चूक नव्हती, त्यांना मागचं काहीच माहीत नव्हतं.  पण हा प्रश्न काकांच्या तोंडून कधी येऊ नये म्हणून मावशी शेवटची दोन वर्षं सारखी धडपडत होती.

विजूमावशी म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण. कल्याणच्या एका पतसंस्थेत तिने वर्षानुवर्षं नोकरी केली. डोंबिवलीजवळ कोपरला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर त्यांचं घर. त्यांना मूल नव्हतं, मी एकुलती एक भाची, त्यामुळे सुट्टीत माझा मुक्काम तिथेच असायचा. मी फार बोलत नसे, अजूनही बोलत नाही. मावशीला त्याचं काही वाटायचं नाही. ‘इंग्लिश मिडियमवाल्यांचे शब्द बहुतेक मोजून येतात,’ म्हणायची आणि स्वतःच दोघींचं बोलायची. रक्तदाबाने तिच्या किडन्या गेल्या तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. डाव्या हातात फिश्चुला केला होता, म्हणजे सुया टोचता याव्यात म्हणून शीर फुगवलेली. त्यावर कान ठेवला की आत घूं घूं ऐकू यायचं. त्या हाताने काही उचलायचं नाही, त्यावर झोपायचं नाही. ‘डावा हात मशीनचा, उजवा माझा,’ ती म्हणायची. त्या उजव्या हाताने तिने भाज्या चिरल्या, पतसंस्थेत सह्या केल्या, रिटायर होताना भाषण करून टेबलावर थाप पण मारली.

काकांनी एमआयडीसीतल्या कंपनीतून मुदतीआधी निवृत्ती घेतली, ती तिच्याबरोबर जाता यावं म्हणून. आत मशीनपाशी नातेवाइकांना बसू देत नाहीत. मावशी आत जायची, काका बाहेरच्या बाकावर बसायचे. पेपर वाचून झाला की घडी घालायचे, मग घडी उलगडून पुन्हा वाचायचे. शनिवारी मीही जायचे. आम्ही दोघं एकमेकांशी जवळजवळ न बोलता तिथे बसून असायचो. मला ते आवडायचं. काकांना आवडायचं की नाही कोण जाणे. एकदा ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले होते, ‘सगळं मशीन करतं. आपण नुसते हजर.’

खांद्याचं पहिल्यांदा लक्षात आलं ते साडी वाळत घालताना. त्यांच्या घरात छताला लाकडी दांड्या आहेत. मावशी ओली साडी काठीच्या टोकावर घेऊन एका झोकात दांडीवर टाकायची आणि दोन्ही टोकं बरोबर सारखी यायची. लहानपणी मी ते सर्कस बघावी तसं बघायचे. त्या दिवशी साडी दांडीपर्यंत गेली आणि खाली तिच्याच डोक्यावर आली. मी हसले. ती पण हसली, पण तिने पुन्हा काठी उचलली नाही. ‘हात अडकतो गं मध्येच. दरवाजात काहीतरी ठेवलंय आणि तो पूर्ण उघडत नाही, तसं.’ हळूहळू खांद्याच्या मागच्या बाजूला काहीतरी टणक लागायला लागलं. दुखत नव्हतं, म्हणून तिने डॉक्टरांना सांगितलं नाही. मग कोपरावर एक गाठ आली. मग दुखायला लागलं.

घरात बाई दुखतंय म्हणाली की आजूबाजूचे सगळे डॉक्टर होतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, हाडं झिजली, नाचणी खा. माझी आई म्हणाली, रोज दूध घे. दूध आणि नाचणी दोन्ही डायलिसिसवाल्यांना मोजून-मापून, हे मावशीला पाठ होतं, त्यामुळे ती सगळ्यांना हो म्हणून काहीच घेत नसे. काका मात्र कुणाला काही विचारत नसत. ते सकाळी मैदानावर फिरायला जायचे. तिथल्या चार निवृत्त लोकांत गुडघे, खांदे, पित्त, मुलं, सून असे विषय चालायचे. त्यांच्यातल्या एकाने सांगितलं की चुना म्हणजे शुद्ध कॅल्शियम. गव्हाच्या दाण्याएवढा घ्यायचा, दह्यात कालवायचा, सकाळी अनशापोटी द्यायचा. आमच्या वहिनी बघा, जिना चढायला लागल्या.

हे मला नंतर कळलं. कसं कळलं, ते सांगते.

खांदा फारच आखडला तेव्हा तिच्या किडनीच्या डॉक्टरांना दाखवायला आम्ही तिघं ठाण्याला, कोपरीला गेलो. त्या आठवड्यातून एकदा तिथे बसायच्या. एक्स-रे त्यांनी उजेडावर धरला. हाडं मला ओळखू येत होती, पण खांद्याच्या सांध्याभोवती पांढरेशुभ्र पुंजके होते, कापूस पिंजून लावावा तसे. ‘हे हाड नाही,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘इतकी वर्षं डायलिसिसवर असलं की रक्तातलं फॉस्फरस वाढत जातं. मशीन ते पूर्ण काढू शकत नाही. ते कॅल्शियमला धरतं आणि सांध्याच्या आजूबाजूला, मऊ भागात जाऊन बसतं. थर चढत जातात.’ मग त्यांनी विचारलं, ‘मी दिलेल्या गोळ्या सोडून आणखी काही घेता का? कुणी दिलेलं टॉनिक, कॅल्शियम, चूर्ण?’

काकांच्या मांडीवर मावशीच्या रिपोर्टची पिशवी होती. ती त्यांनी घट्ट धरली. ‘ते, म्हणजे…’ त्यांनी सुरुवात केली.

‘चुना खाते मी,’ मावशी म्हणाली.

‘चुना? पानाला लावतात तो?’

‘तोच. गव्हाच्या दाण्याएवढा. दह्यातून.’

‘कुणी सांगितलं तुम्हाला?’

‘सांगायला कोण लागतंय? मोबाईलवर येतं ना हल्ली सगळं.’

मावशीचा मोबाईल बटणांचा होता. त्यावर बँकेचे मेसेज सोडून काही येत नसे. मी काकांकडे बघितलं, ते समोरच्या कॅलेंडरकडे बघत होते. डॉक्टर रागावल्या. ‘इतकी वर्षं नियम पाळणाऱ्या पेशंट तुम्ही, आणि हे काय?’ मावशीने मान खाली घालून ऐकून घेतलं. ती कुणाचं असं ऐकून घेणारी नव्हती.

काका नव्या गोळ्या आणायला समोरच्या दुकानात गेले. आम्ही दोघी रिक्षात बसलो.  तीच आपणहून म्हणाली, ‘हे ओट्यावर गव्हाचा खरा दाणा ठेवायचे गं. शेजारी बोटावर चुना. चष्मा लावून दोन्ही बघायचे, जास्त व्हायला नको म्हणून.’ मग म्हणाली, ‘तोंड पोळायचं माझं. पण बारा वर्षं तो माणूस बाकावर बसून आहे, जुई. पहिल्यांदा त्यांच्या हातात मला द्यायला काहीतरी होतं… मी खाल्लं.’ काका पिशवी घेऊन रस्ता ओलांडायला उभे होते, दोन्ही बाजूंना बघत होते. ‘हे कुणाला बोलायचं नाही. तुझ्या आईला तर नाहीच. चुना मी खाल्ला, माझ्या मनाने. समजलं?’ मी हो म्हणाले. मी कुणाला काही सांगत नाही हे तिला माहीत होतं. बहुतेक म्हणूनच तिने मला सांगितलं असावं.

त्यानंतर मावशीने तो चुना अगदी जाहीरपणे स्वतःच्या नावावर करून घेतला. आमच्या घरी एका रविवारी सगळे जेवायला होतो. आईला कुठूनतरी कळलं होतं, किंवा मावशीनेच आधी सांगून ठेवलं असेल. आई तिला पानावरच बोलायला लागली. ‘ताई, कमाल केलीस तू. आम्हाला सगळ्यांना शहाणपण शिकवायचीस, आणि चुना? अगं खेड्यातली बाई पण विचारेल आधी.’ बाबांना चेष्टेचा मोह आवरत नाही. ते म्हणाले, ‘उरला असेल तर आमच्या गॅलरीला एक हात द्या विजूताई, सोसायटीवाले कधीचे मागे लागलेत.’ सगळे हसले. काकांनी हातातला घास खाली ठेवला. ‘तसं नाहीये ते,’ ते म्हणाले. ‘तो चुना मी…’

‘अहो, पोळी घ्या आधी. भात नंतर,’ मावशी म्हणाली आणि त्यांच्या ताटात पोळी वाढायला तिने उजवा हात पुढे केला. हात अर्ध्यावरच थांबला. काकांनी अर्धवट उठून ताट तिच्या हाताखाली धरलं आणि पोळी घेतली. ‘वेडेपणा झाला खरा माझा,’ ती आईला म्हणाली. ‘आता बोल किती बोलायचं ते.’ आई बोलत राहिली. काका पोळी खात राहिले. मी दोघांकडे बघत होते.

चुना तर त्याच दिवशी बंद झाला होता. गोळ्या बदलल्या, डायलिसिसचे तास वाढवले, जेवण आणखी आळणी झालं. पण गाठी थांबल्या नाहीत. कोपरावरची लिंबाएवढी होती, ती मोसंबीएवढी झाली. एक दिवस कातडी फुटली आणि आतून पांढरं, खडू पाण्यात कालवल्यासारखं काहीतरी यायला लागलं. ड्रेसिंग काका करायचे. नर्सने एकदा दाखवलं, नंतर तेच. पट्टी सरळ बसायची. मावशीचा हात डोक्यापर्यंत जाईना, तेव्हा केसही त्यांच्याकडे आले. मी एकदा दारातून बघत उभी होते. काका कंगवा घेऊन तिच्या मागे उभे, मावशीच्या हातात छोटा आरसा.

‘अहो, हा भांग आहे का नाल्याची वाट?’

‘सरळ बस. हलतेस तू.’

‘मी हलत नाहीये. कॉलेजात माझी वेणी बघायला मुलं थांबायची.’

‘मी नव्हतो त्यात.’

‘तेच म्हणते मी. तुम्ही असतात तर आज सवय असती.’

काका हसले. ते हसताना आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात. मावशीने आरशातून ते बघितलं, आणि आरसा हळूच खाली केला.

मधल्या काळात मी रिपोर्ट घ्यायला एकटी ठाण्याला गेले होते, तेव्हा डॉक्टरांना धीर करून विचारलं होतं. हे चुन्यामुळे झालं का? त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘तेवढ्या चुन्याने एवढं होत नाही. हे वर्षानुवर्षं साचत आलेलं आहे. गळ्यातल्या ग्रंथी बिघडल्यात, फॉस्फरस कायम वर आहे. चुना घेतला नसता तरी हे झालंच असतं, असं मला वाटतं.’ मग म्हणाल्या, ‘अर्थात, त्याने काही मदत झाली नाही.’ मी आनंदाने मावशीकडे कोपरला गेले. वाटलं, सुटले सगळे. मावशीला सांगितलं आणि म्हटलं, आता काकांना सांगू या. तिने ऐकून घेतलं.  ‘नको,’ म्हणाली. ‘“तेवढ्याने होत नाही” म्हटलं की हे त्या “तेवढ्या”वर अडकून बसतील. तेवढ्याने नाही, मग कितीने? किती माझं, किती आजाराचं? रोज वजन करत बसतील. त्यापेक्षा चुना मीच खाल्ला, हे बरं आहे.’

 ती काकांना माझ्यापेक्षा जास्त ओळखत होती. पण एक गोष्ट तिने हिशेबात धरली नव्हती. ती गेल्यावर तो चुना तिच्याच नावावर राहणार होता.

तेराव्याला कोपरच्या घरात खूप लोक आले. पतसंस्थेतले, सोसायटीतले, काकांचे मैदानावरचे. मी पाण्याचा ट्रे फिरवत होते. दोन बायका हलक्या आवाजात बोलत होत्या, पण घर लहान आहे. ‘चुना खायची म्हणे रोज. कुणाला न विचारता.’ ‘अगं बाई. एवढी शिकलेली, आणि…’ ‘आपल्या हाताने मरण ओढवून घेतलं, दुसरं काय.’ काका त्यांच्या मागेच भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी ट्रे घेऊन स्वयंपाकघरात गेले. तिथे आई रडत होती. ‘मी किती बोलले गं तिला त्या चुन्यावरून,’ म्हणाली. मी तेव्हाही तोंड उघडलं नाही. मावशीला दिलेला शब्द होता…

परवाच्या शनिवारी मी काकांना डबा घेऊन कोपरला गेले. दाराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘ते का? ते जातात की सेंटरवर. नेहमीसारखे.’ मला नीट कळेना. मी तशीच डायलिसिस सेंटरवर गेले. काका बाकावर बसले होते. मांडीवर पेपरची घडी. शेजारी एक चाळिशीचे गृहस्थ होते, त्यांची बायको नवीनच डायलिसिसवर आलेली असावी. त्यांच्या पायाशी पिशवी होती आणि ते सांगत होते, अशक्तपणा फार आलाय, गावाहून आईने काहीतरी काढा पाठवलाय, हाडांना चांगला असतो म्हणे.

‘देऊ नका,’ काका म्हणाले. एवढ्या ठणठणीत आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही म्हणजे काही देऊ नका. मी माझ्या बायकोला चुना दिला होता. दह्यातून. रोज सकाळी, माझ्या हाताने.’

ते गृहस्थ गोंधळले. ‘मग?’

‘मग डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, मीच खात होते. शेवटपर्यंत तेच म्हणत राहिली. सगळ्यांनी तिला नावं ठेवली.’ काकांनी मला बघितलं. सरकून जागा केली. ‘ही तिची भाची.’

मी बसले. थोड्या वेळाने ते गृहस्थ पाणी आणायला उठले. मी म्हटलं, ‘काका, डॉक्टर मला म्हणाल्या होत्या, तेवढ्या चुन्याने नाही झालं ते. त्याशिवायही झालंच असतं.’

‘पण थोडी भर पडली असेल?’

मला नाही म्हणता आलं नाही. त्यांनी मान हलवली, जणू हिशेब जुळला.

‘तुला तिने सांगितलेलं ना, की मी दिला?’

‘हो.’

‘मला वाटलंच.’ पेपरची घडी त्यांनी उलगडली, पुन्हा घातली. ‘त्या दिवशी जेवताना मी बोलणार होतो. पोळी वाढायला तिने तो दुखरा हात उचलला, म्हणून गप्प बसलो. मग रोज गप्प बसलो. तिला त्यात बरं वाटत होतं.’ आतून मशीनचा बीप बीप आवाज येत होता. ‘पण आता ती नाही. आता कुणासाठी गप्प बसू? तेराव्याला काय बोलत होते लोक, ऐकलंस ना तू?’

मी हो म्हणाले.

‘तू लिहितेस ना कुठे कुठे? तुझी मावशी सांगायची. मग लिही. मराठीत लिही, आमच्या लोकांना वाचता येईल असं. मोबाईल बघून चुना खाणारी बाई नव्हती ती. मी दिला म्हणून खाल्ला. असंच लिही, माझ्या नावाने.’

मी मावशीला दिलेला शब्द मोडते आहे, हे मला माहीत आहे. ती असती तर मला एवढंच म्हणाली असती, ‘अगं, गप्प बसायला सांगितलेलं ना?’ आणि लगेच काकांकडे बघितलं असतं, त्यांना लागलं तर नाही ना म्हणून… माझ्या मावशीचं नाव विजया होतं. तिने चुना तिच्या मनाने खाल्ला नव्हता.

त्या शनिवारी आम्ही बाकावर असतानाच आतलं दार उघडलं. सकाळची पाळी संपली होती. एकेक पेशंट हातावर कापूस दाबून धरत बाहेर यायला लागले. काका उठून उभे राहिले, आणि सगळे बाहेर येईपर्यंत तसेच उभे होते.